एअर फिल्टर बदलल्यावर पुन्हा पुन्हा लागणारा चेक इंजिनचा दिवा: डिझेल ट्रकमध्ये सेन्सर हलवताना काय चुकतं

तक्रार बहुतेक वेळा एकाच छापाची असते. कंपनीचा एअर बॉक्स काढून बाहेरचा मोठा फिल्टर आणि नवा पाइप बसवला, जुने सेन्सर त्यात लावले, पहिले दोन दिवस गाडी झकास चालली. तिसऱ्या दिवशी चेक इंजिनचा दिवा लागला. स्कॅनरवर पी०१०१ किंवा पी०११३ दिसलं, कोड पुसला, शंभर-दोनशे किलोमीटरांनी दिवा परत हजर. मग नवा सेन्सर घेतला जातो आणि तोही तोच कोड दाखवतो.

नवा सेन्सर काहीच का बदलत नाही, याचं कारण साधं आहे. हवेचं वस्तुमान मोजणारा सेन्सर, म्हणजे एमएएफ, एकटा काहीच मोजत नाही. तो आणि ज्या नळीत तो बसतो ती नळी मिळून एक मोजमाप-यंत्र होतं. नळीचा आतला व्यास, सेन्सरच्या आधी असलेला सरळ भाग, आतली जाळी, सेन्सर किती आत शिरतो, हे सगळं धरून ईसीयूमधला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकातला, तक्ता भरलेला असतो. नळी बदलली की तराजूचं पारडं बदललं. काटा तोच ठेवून उपयोग नाही.

आधी कोणता सेन्सर कुठे आहे ते बघा

टर्बोच्या आधीच्या भागात साधारण तीन गोष्टी सापडतात. एमएएफ, बहुतेक वेळा फिल्टर बॉक्सच्या झाकणाच्या तोंडाशी किंवा त्याला लागून असलेल्या छोट्या प्लास्टिक नळीत. हवेच्या तापमानाचा सेन्सर, म्हणजे आयएटी. चार-पाच पिनांच्या एमएएफमध्ये तो बहुधा आतच असतो, काही गाड्यांत वेगळा, रबरी ग्रोमेटमध्ये खोचलेला. आणि तिसरा, फिल्टर चोंदला का ते सांगणारा निर्वाताचा गेज किंवा स्विच. काही इंजिनांत त्याच्या जागी दाब आणि तापमान दोन्ही मोजणारा एकच सेन्सर असतो. इंटेक मॅनिफोल्डवरचा (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या भागावरचा) बूस्टचा, म्हणजे टर्बोने वाढवलेल्या दाबाचा, सेन्सर या कामात हलत नाही, त्याला हात लावू नका.

एमएएफ नसलेली डिझेल इंजिनंही आहेत. ती मॅनिफोल्डचा दाब आणि तापमान यांवरून हवेचा हिशेब करतात. अशा गाडीत खालचा अर्धा लेख गैरलागू आहे. थेट तापमान आणि दाबाच्या भागाकडे जा.

दिवा कधी लागतो, यावर निम्मं निदान

कोड वाचण्याआधी एवढं विचारा: दिवा नेमका कोणत्या वेळी लागला?

चावी ऑन करताच किंवा पहिल्या मिनिटातच लागत असेल तर बिघाड विजेचा आहे. प्लग नीट बसलेला नाही, पिन मागे सरकली आहे, वाढवलेल्या वायरचा सांधा सुटला आहे. पी०१०२ आणि पी०१०३ हे एमएएफच्या सिग्नलचा व्होल्टेज फार कमी किंवा फार जास्त असल्याचे कोड, पी०११२ आणि पी०११३ हे तापमानाच्या सेन्सरचे. पी०११३ सोबत स्कॅनरवर उणे ४० अंश दिसत असेल तर डोकं खाजवायचं कारण नाही: सर्किट उघडं आहे. याउलट इंजिन थंड असतानाही १२० अंशांच्या वर तापमान दिसत असेल तर दोन वायरी एकमेकींना कुठेतरी चिकटल्या आहेत.

गाडी चालवल्यावर, विशेषतः चढावर किंवा भरलेल्या गाडीत ठरावीक आरपीएमला दिवा लागत असेल, तर वायरिंग ठीक आहे आणि आकडा पटत नाही. हा पी०१०१. ईसीयू इंजिनची क्षमता, आरपीएम, बूस्ट आणि तापमान यांवरून हवेचा अंदाज बांधतो, एमएएफच्या आकड्याशी ताडून पाहतो आणि फरक मर्यादेबाहेर गेला की कोड टाकतो. कित्येक गाड्यांत हा कोड लागोपाठच्या दोन फेऱ्यांत (एक फेरी म्हणजे गाडी चालू करून, चालवून बंद करेपर्यंत) चूक दिसली तरच दिवा लावतो. "कोड पुसला की दोन दिवस बरं चालतं" या समजुतीचं मूळ तिथेच आहे. बरं काहीच झालेलं नसतं, ईसीयू दुसऱ्या फेरीची वाट पाहत असतो.

पाऊस पडल्यावर किंवा गाडी धुतल्यावर लागत असेल तर पाणी सांध्यात किंवा थेट सेन्सरवर जातं आहे. फिल्टर धुऊन तेल लावल्यानंतर आठवड्याभरात लागला तर सेन्सरवर तेल बसलं आहे. आणि गाडी बंद करून अर्ध्या तासाने पुन्हा चालू केली की लागतो, एरवी नाही, तर तापमानाचा सेन्सर इंजिनाच्या उष्णतेत भाजतो आहे.

व्यासाचा हिशेब: सगळ्यात जास्त वेळा चुकणारी गोष्ट

एमएएफची तापलेली पट्टी तिच्यावरून जाणाऱ्या हवेने किती थंड होते ते मोजते. म्हणजे ती त्या एका जागेवरचा प्रवाह जाणते. पूर्ण नळीतून किती हवा गेली हे ईसीयू नळीचं क्षेत्रफळ ठाऊक असल्याप्रमाणे काढतो. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने बदलतं, त्यामुळे पाच-सहा मिलिमीटरचा फरकही मोठा पडतो.

मूळ नळीचा आतला व्यास ७६ मिमी आहे आणि नव्या पाइपचा ८२ मिमी, असं समजा. ८२ भागिले ७६, त्याचा वर्ग १.१६. तेवढीच हवा आता १६ टक्के जास्त क्षेत्रफळातून जाते, सेन्सरपाशी तिचा वेग कमी होतो आणि आकडा सुमारे १४ टक्के कमी दिसतो. उलट ७० मिमीच्या नळीत हाच सेन्सर सुमारे १८ टक्के जास्त दाखवेल. व्हर्नियरने आतला व्यास मोजा, बाहेरचा नव्हे. धातूच्या पाइपची जाडी दीड-दोन मिलिमीटर असते आणि प्लास्टिकची तीनपर्यंत, त्यामुळे बाहेरून सारखे दिसणारे पाइप आतून वेगळे निघतात. तेही सेन्सर बसतो त्याच जागी मोजा. टोकाला मोजून उपयोग नाही, कारण कंपनीची नळी बऱ्याचदा मधे निमुळती केलेली असते.

पेट्रोल इंजिनात एमएएफ चुकला की इंधनाचं मिश्रण बिघडतं. डिझेलमध्ये परिणाम आडवळणाने येतो, म्हणून माणूस फसतो. इथे एमएएफचा आकडा प्रामुख्याने दोन कामांना लागतो: ईजीआर, म्हणजे एक्झॉस्टचा काही वायू परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह, किती उघडायचा ते ठरवायला आणि धूर होऊ नये म्हणून जास्तीत जास्त डिझेल किती द्यायचं त्याची मर्यादा ठरवायला.

आकडा खऱ्यापेक्षा कमी आला, तर ईसीयूला वाटतं ताजी हवा कमी पडते आहे. तो ईजीआर बंद करतो, डिझेलवर लगाम घालतो. गाडीला पिकअप राहत नाही, चढावर दबते, धूर मात्र नसतो. कधी जोडीला पी०४०२ येतो, ईजीआरमधून प्रवाह जास्त असल्याचा. आकडा जास्त आला तर याच्या नेमकं उलट: ईजीआर गरजेपेक्षा जास्त उघडतो, धुराची मर्यादा सैल होते, काळा धूर दिसतो, काजळी वाढते आणि डीपीएफ (एक्झॉस्टमधला काजळी अडवणारा फिल्टर) असेल तर त्याचं रीजनरेशन, म्हणजे साचलेली काजळी जाळणं, पूर्वीपेक्षा लवकर लवकर होऊ लागतं. इथे पी०४०१ येऊ शकतो आणि मग ईजीआर उघडून साफ केला जातो, कधी बदललाही जातो. ईजीआरचा काहीच दोष नसतो. तो पूर्ण उघडूनही एमएएफचा आकडा अपेक्षेएवढा खाली येत नाही, इतकंच ईसीयूने सांगितलेलं असतं.

आकडा कुठल्या बाजूला चुकतो आहे हे कळायला एक झटपट चाचणी आहे. इंजिन बंद करून एमएएफचा प्लग काढा आणि गाडी थोडं अंतर चालवा. बहुतेक ईसीयू अशा वेळी ठरीव किंमत घेऊन चालतात आणि ईजीआर बंद ठेवतात. प्लग काढल्यावर पिकअप सुधारला तर सेन्सर कमी दाखवत होता. धूर थांबला तर जास्त. चाचणीने नवा कोड पडेल, तो नंतर पुसायचा. प्लग काढून कायमची गाडी चालवणं हा उपाय नव्हे.

जुनी नळीच नव्या पाइपात बसवा

अनेक किटमध्ये ॲल्युमिनियमच्या पाइपला सेन्सरसाठी चौकोनी पाया वेल्ड केलेला असतो. तो मूळ व्यासाचा असेल आणि गाडीच्या नेमक्या मॉडेलसाठी बनवलेला असेल तर ठीक. नसेल तर सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे एमएएफची मूळ नळी सेन्सर न काढता तशीच वापरणं. ती बॉक्सपासून वेगळी निघत असेल तर सोपं आहे. झाकणातच ओतलेली असेल तर जुनं किंवा भंगारातलं झाकण घेऊन नळीचा भाग दोन्ही बाजूंना किमान २५ मिमी सरळ कड ठेवून बारीक दातांच्या करवतीने कापायचा, कडा पॉलिश पेपरने गुळगुळीत करायच्या आणि सिलिकॉनच्या कपलरने दोन्हीकडे जोडायचा. आत मधमाशीच्या पोळ्यासारखी किंवा तारेची जाळी असेल तर ती काढू नका. ती कचरा अडवायला नसून प्रवाह सरळ करायला असते. "हवा मोकळी होईल" म्हणून जाळी काढलेल्या गाडीचा आकडा आयडलवर नाचतो, आणि मग सेन्सरला दोष दिला जातो.

व्यास बदलत असेल तिथे निमुळता रिड्यूसर वापरा, पायरी असलेला नको. सेन्सरच्या लगेच आधी पायरी आली की तिच्यामागे भोवरा तयार होतो आणि सेन्सर त्या भोवऱ्याचं माप घेतो.

नळी कुठे ठेवायची? सेन्सरच्या आधी व्यासाच्या चार ते सहापट सरळ लांबी आणि नंतर दोनपट, हा ठोकताळा. ७६ मिमीच्या नळीला ३०० मिमीपेक्षा जास्त सरळ पाइप बॉनेटखाली क्वचितच मिळतो, तेव्हा जेवढी मिळेल तेवढी लांबी सेन्सरच्या आधी द्या, नंतरच्या बाजूला तडजोड करा. शंकूच्या आकाराच्या फिल्टरच्या तोंडालाच सेन्सर चिकटवणं ही सर्वांत वाईट जागा. फिल्टरचा कापड किंवा कागद सगळीकडून सारखी हवा घेत नाही. एका बाजूला फेंडर, दुसऱ्या बाजूला पंख्याचा वारा, त्यामुळे आत शिरणारी हवा पिळलेली असते आणि वेगाप्रमाणे पीळ बदलतो. ९० अंशांच्या वळणाच्या लगेच पुढेही असंच होतं: हवा वळणाच्या बाहेरच्या भिंतीला लोटली जाते.

बसवताना चार गोष्टी हमखास चुकतात.

सेन्सरवर बाण कोरलेला असतो; तो टर्बोच्या दिशेला हवा. दोन स्क्रूंचा पाया कित्येकदा उलटाही बसतो, आणि १८० अंश फिरलेला सेन्सर इतका कमी आकडा देतो की माणसाला तो मेल्यासारखाच वाटतो.

सेन्सर नळीच्या तळाशी येऊ देऊ नका. घड्याळाच्या दहा ते दोनच्या दरम्यान ठेवा. तळाला पाणी आणि तेल साचतं.

क्रँककेसच्या वाफेचा, म्हणजे ब्रीदरचा पाइप नेहमी सेन्सरच्या पुढे, टर्बोच्या बाजूला जोडा. किटमधला निपल चुकून सेन्सरच्या मागे आला, तर तेलाची वाफ सरळ पट्टीवर बसते आणि सेन्सर महिन्याभरात हळूहळू खोटं बोलू लागतो.

ओ-रिंगवर सिलिकॉन ग्रीसचा हात फिरवा, इंजिन ऑइल नको. स्क्रू बहुधा टॉर्क्स टी-२० असतात, काहींत मधे भोक असलेल्या बिटाचे. प्लास्टिकमध्ये २ न्यूटन-मीटरच्या आसपास पुरे. करकचून आवळलं की आटे जातात आणि सेन्सर कायमचा हलता राहतो.

तापमानाचा सेन्सर आणि ते भोक

वेगळा आयएटी असेल तर नव्या पाइपात भोक पाडावं लागतं. पाइप गाडीवर असताना ड्रिल चालवायचं नाही, कधीच नाही. टर्बोचं कंप्रेसर व्हील मिनिटाला लाखाच्या घरात फिरतं. ॲल्युमिनियमचा एक कीस त्याच्या पात्यांना पुरतो. पाइप काढा, स्टेप ड्रिलने भोक पाडा, आतली धार कानशीने मोडा, साबणाच्या पाण्याने धुऊन पुसा, मग आतून पांढरं फडकं फिरवून बघा.

भोक ग्रोमेटच्या खाचेतल्या व्यासाएवढं हवं, बाहेरच्या व्यासाएवढं नाही. आणि ग्रोमेटबद्दल एक गोष्ट नीट ध्यानात घ्या: ही ओढीची बाजू आहे. फिल्टर चोंदला की आतला निर्वात वाढतो आणि सैल ग्रोमेट सेन्सरसकट आत खेचलं जातं. पुढचा थांबा टर्बो. पाइप धातूचा असेल तर वेल्ड केलेल्या, आटे असलेल्या बुशमध्ये बसणारा सेन्सर घ्या. ग्रोमेटच वापरायचं असेल तर बाहेरची कड मोठी असलेलं, भोकात घट्ट बसणारं घ्या आणि सेन्सरच्या मानेला बाहेरून क्लिप किंवा टाय लावून तो आत जाणार नाही अशी सोय करा.

सेन्सरचं टोक हवेच्या प्रवाहात असावं, भिंतीला टेकलेलं नसावं. व्यासाच्या एक तृतीयांश ते मध्यापर्यंत आत. ॲल्युमिनियमचा पाइप रेडिएटर किंवा एक्झॉस्टजवळून जात असेल तर तो स्वतः तापतो आणि भिंतीजवळच्या सेन्सरला चटका देतो. इंजिनच्या बाजूला तोंड केलेला उघडा फिल्टर असेल तर गरम हवा खरोखरच आत जाते. तिथे सेन्सर खरं सांगतो आहे, चूक फिल्टरच्या जागेची आहे. पत्र्याचा आडोसा लावून आणि मूळ बॉक्सचा थंड हवेचा मार्ग फिल्टरपर्यंत आणूनच ते सुटतं. आयएटीच्या वायरीत रेझिस्टर घालून तापमान "थंड" दाखवायचा जुगाड मात्र टाळा. घनतेचा हिशेब बिघडतो, ईजीआरचं वेळापत्रक बिघडतं आणि पी०१११ येतो, म्हणजे आकडा पटत नसल्याचा कोड.

चाचणी फुकटात होते. गाडी रात्रभर उभी ठेवा, सकाळी चावी ऑन करा पण स्टार्ट मारू नका. हवेचं तापमान, कूलंटचं, मॅनिफोल्डचं आणि बाहेरचं, हे चारही आकडे ४-५ अंशांच्या आत जुळायला हवेत. एकटा आयएटी फटकून असेल तर मल्टिमीटर घ्या. बॉश पद्धतीच्या कित्येक सेन्सरांचा रोध २० अंशांना २ ते ३ किलोओहम असतो आणि तापमान वाढेल तसा तो घसरतो. हातात धरून ऊब दिली तरी आकडा खाली यायला हवा. न हलणारा आकडा म्हणजे मेलेला सेन्सर, आणि नुसता हललेला सेन्सर योग्य आहे असंही नाही. वेगळ्या गाडीचा आयएटी प्लगला बसतो पण त्याचा तक्ता वेगळा असतो.

वायर वाढवताना

नवी जागा लांब पडली की हार्नेस ताणला जातो. इंजिन स्टार्ट होताना आणि जोर घेताना आपल्या माउंटवर डोलतं, त्यामुळे उभ्या इंजिनावर "बरोबर पुरलेली" वायर रस्त्यावर प्लग ओढते. बोटभर ढील ठेवा.

वाढवायची झाली तर ०.५ ते ०.७५ चौरस मिमीची, उष्णता सोसणारी वायर. शक्यतो त्याच रंगांची. सांधे एकाच जागी नकोत, दोन-तीन सेंटिमीटर मागेपुढे घ्या म्हणजे एकमेकांना लागणार नाहीत. क्रिम्प करून वर आतून गोंद असलेली श्रिंक ट्यूब लावा. नुसती पिळून काळी टेप गुंडाळलेली वायर पहिल्या पावसाळ्यापर्यंतच साथ देते. अल्टरनेटरच्या जाड वायरीपासून आणि एक्झॉस्टपासून निदान वीतभर अंतर. सेन्सरची ग्राउंड वायर चेसिसला जोडू नका. ती ईसीयूपर्यंत स्वतंत्र जाते, आणि चेसिसमधून गेली की स्टार्टर-अल्टरनेटरचा गोंधळ सिग्नलमध्ये मिसळतो. ग्राउंड पिन आणि बॅटरीच्या ऋण टोकामधला फरक इंजिन चालू असताना ०.१ व्होल्टच्या आत असावा. व्होल्टेजने सिग्नल देणारा पाच पिनांचा हॉट-फिल्म एमएएफ असेल, तर चावी ऑन आणि इंजिन बंद असताना सिग्नल १ व्होल्टच्या जवळ असतो. नव्या पिढीचे सेन्सर वारंवारतेने किंवा डिजिटल सिग्नल देतात. त्यांना ही व्होल्टची कसोटी लावू नका, थेट स्कॅनरवर बघा.

फिल्टर गेज आणि दाबाचा सेन्सर

हा भाग लोक विसरतात. जुन्या बॉक्सवरचा गेज नव्या किटमध्ये जागा नाही म्हणून लोंबकळत सोडला जातो, आणि त्याचं भोक टेपने बुजवलं जातं. टेप सुटली की तिथून न गाळलेली धूळ थेट टर्बोत. गेज फिल्टर आणि टर्बो यांच्या मधे, सरळ भागात, भिंतीशी सपाट भोकावर बसवा. वळणाच्या बाहेरच्या बाजूला नको. बसवायचाच नसेल तर भोक आट्याच्या बुचाने बंद करा. बऱ्याच डिझेल ट्रकांत फिल्टर बदलण्याची मर्यादा पाण्याच्या २० ते २५ इंचांवर, म्हणजे ५ ते ६.२ किलोपास्कलवर ठेवलेली असते. आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमधला घ्या. सेन्सर असेल तर चावी ऑन, इंजिन बंद अशा स्थितीत तो, वातावरणाचा दाब आणि मॅनिफोल्डचा दाब हे तिन्ही २-३ किलोपास्कलमध्ये जुळायला हवेत.

गळती

एमएएफच्या पुढे आणि टर्बोच्या आधी कुठे फट असेल तर तिथून न मोजलेली हवा आत जाते आणि आकडा कमी दिसतो. टर्बोच्या पुढची गळती उलट वागते: मोजलेली हवा बाहेर निसटते, बूस्ट कमी पडतो आणि सोबत पी०२९९ येतो. फिल्टरचं काम करताना इंटरकूलरच्या पाइपाला धक्का लागून तो क्लॅम्पमधून थोडा सरकलेला असतो, हेही बघून घ्या.

ओढीच्या बाजूला साबणाचा फेस चालत नाही, कारण फुगा बाहेर येत नाही. पाइपचं तोंड बंद करून धुराच्या यंत्राने ०.०३ ते ०.०७ बारचा हलका दाब द्या आणि धूर कुठून निघतो ते पाहा. पेट्रोल इंजिनावर करतात तसं ब्रेक क्लीनर किंवा स्टार्टिंग स्प्रे मारून गळती शोधायला जाऊ नका. डिझेलला तो वायू आत ओढला की इंजिन आपोआप रेस होऊ शकतं, आणि हवा तापवणारा ग्रिड हीटर चालू असेल तर तिथेच भडका उडतो.

तेल लावलेला कापडी फिल्टर

धुतल्यावर तो पूर्ण वाळू द्या, रात्रभर तरी. कॉम्प्रेसरचा वारा मारला तर कापडाचे धागे फाकतात. तेल बाहेरून घड्यांच्या माथ्यावर पातळ लावायचं, अर्धा तास झिरपू द्यायचं, रंग न आलेल्या जागी थेंबभर आणखी. आतल्या बाजूला तेल दिसत असेल तर ते जास्त झालं. पुसा आणि थांबा. पट्टीवर बसलेलं तेल धूळ धरतं, थर जाड होतो आणि साधारणपणे जास्त प्रवाहाला आकडा कमी येऊ लागतो. सफाईला फक्त एमएएफ क्लीनर. कार्ब्युरेटर किंवा ब्रेकचा स्प्रे नको, कापूस नको, वारा नको, बोट तर नकोच. दहा-पंधरा फवारे, मग अर्धा तास वाळवून प्लग.

आकडे आधी घ्या, मग पाना उचला

इथवरचं सगळं तपासायला एकच गोष्ट लागते आणि तीच बहुतेकांकडे नसते: बदल करण्याआधीचे आकडे. जुना बॉक्स जागेवर असतानाच, इंजिन पूर्ण गरम, एसी बंद, आयडलवर आणि २००० आरपीएमला, आणि एकदा चढावर पूर्ण दाबून, असे एमएएफ, आयएटी, मॅनिफोल्डचा दाब आणि ईजीआरची टक्केवारी लिहून ठेवा. बसवल्यानंतर तशाच हवामानात पुन्हा घ्या. आयडल आणि २००० ला ५ टक्क्यांच्या आत फरक असेल तर पुढे जा. सगळ्या आरपीएमला सारख्याच टक्क्यांनी फरक असेल तर व्यास. फरक आरपीएमप्रमाणे बदलत असेल तर गळतीही तपासा. आकडा स्थिर नसून नाचत असेल तर भोवरा.

आधीचे आकडे नसतील तर हिशेबाने काढता येतात, पण ईजीआर बंद असतानाच. ३ लिटरचं इंजिन, ७५० आरपीएम: दर दोन फेऱ्यांना एकदा भरतं, म्हणून मिनिटाला ११२५ लिटर, सेकंदाला १८.७५. समुद्रसपाटीजवळ २५ अंशांना हवेची घनता लिटरला १.१८ ग्रॅम धरली आणि सिलिंडर ८५ ते ९० टक्के भरतात असं मानलं, की १९ ते २० ग्रॅम प्रति सेकंद येतात. स्कॅनर मिलिग्रॅम प्रति स्ट्रोक दाखवत असेल तर चार सिलिंडरला तेच सुमारे ७५० ते ८००. ईजीआर उघडा असताना आकडा याच्या निम्म्यापर्यंतही उतरू शकतो. ते पाहून घाबरू नका. उंच ठिकाणी घनता कमी धरावी लागते.

कोड पुसल्यावर दिव्याची वाट पाहत बसू नका. स्कॅनरमध्ये प्रलंबित कोड बघायची सोय असते. पहिल्या फेरीत चूक दिसली की तो तिथे आधी उमटतो. ईसीयूला एमएएफच्या आकड्यात हळूहळू पडणारा फरक शिकण्याची सोय असेल आणि स्कॅनर ती शून्यावर आणू शकत असेल, तर नळी पक्की झाल्यावरच आणा, आधी नाही. नाहीतर चुकीच्या नळीचा धडा तो पाठ करतो.

पाचशे किलोमीटरनंतर फिल्टरच्या पुढचा कपलर एकदा सोडा आणि पाइपच्या आत पांढरं फडकं फिरवा. फडकं कोरडं आणि स्वच्छ निघालं तर क्लॅम्प पुन्हा आवळून गाडी सोडा. मातकट रेघ उठली तर दिवा लागलेला नसला तरी फट आहे, आणि ती रेघ जिथे सर्वांत दाट आहे त्याच्या मागच्या सांध्यापासून शोधायला सुरुवात करा.